पंगतीतला शेवटचा माणूस

गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास आले, त्याचे नाव सेगाव. पण रेल्वेच्या वाटेवर गजानन महाराजांचे शेगाव होते आणि ते अधिक प्रसिद्ध. त्यामुळे सेगावचे टपाल शेगावला जाऊ लागले! अखेर 1940 मध्ये गावाचेच नाव बदलून ‘सेवाग्राम’ ठेवण्यात आले. पत्रे नीट पोचावीत म्हणून एखाद्या गावाने आपले पुन्हा बारसे करून घ्यावे, हे उदाहरण विरळाच.

आम्हा वर्धेकरांना ही गोष्ट पाठ आहे. तिचे मर्म मात्र मला संगणकाच्या शोधयंत्रांविषयी वाचताना कळले. वस्तू असणे निराळे आणि ती सापडणे निराळे!

पुष्कळांची समजूत अशी की, आपण एक शब्द विचारला की हे यंत्र सारी पुस्तके भराभर चाळते. एवढी चाळाचाळ कोणत्याच यंत्राला परवडणार नाही. ते आधीच सूची करून ठेवते. अमुक शब्द, अमुक पाने. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी खंड 100 आहेत. त्यांतला 98वा खंड विषयांच्या सूचीचा आणि 99वा व्यक्तींच्या सूचीचा. संगणकाचा मार्ग हाच. फक्त तो बहुतेक प्रत्येक शब्दाची नोंद ठेवतो. डग कटिंग यांनी 1999 मध्ये ‘ल्यूसीन’ नावाची अशी सूचीरचना केली आणि 2004 मध्ये तिच्याच पायावर ‘सोलर’ हा शोध-सर्व्हर उभा राहिला. ल्यूसीनच्या एका सूचीत फार तर 214 कोटींच्या आसपास कागदपत्रे मावतात. पण त्या मर्यादेच्या कितीतरी आधी यंत्राची स्मृती अपुरी पडते आणि उत्तरे रेंगाळू लागतात.

त्यात आपली मराठी म्हणजे सूचीकाराची सत्त्वपरीक्षाच! ‘पाणी’ म्हटले की ‘पाण्यात’, ‘पाण्याला’, ‘पाण्यावरून’, ‘पाण्यातल्या’ अशी सारी भावंडे दाराशी उभी. प्रत्येक रूप वेगळे नोंदवावे, तर सूची फुगते आणि ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यात’ भेटत नाही. प्रत्ययांवर कात्री चालवावी, तर ‘शेत’मधला ‘त’ सप्तमीचा समजून कापला जातो आणि हाती नुसते ‘शे’ उरते! वर्गात विद्यार्थी ज्या सामान्यरूपाला कंटाळतात, त्याने यंत्राचाही घाम काढावा, याचे एका मराठीच्या अध्यापकाला थोडे समाधान वाटले तर वाचकांनी क्षमा करावी.

सूची फार वाढली की तिचे तुकडे करून निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. विचारणारे वाढले, तर त्याच सूचीच्या प्रती वाढवतात. तुकडे केल्यावर प्रत्येक प्रश्न सगळ्या तुकड्यांना विचारावा लागतो आणि सगळ्यांची उत्तरे येईपर्यंत थांबावे लागते. अगदी आपल्या पंगतीसारखे! भराभर जेवणारे हात वाळवत बसलेले, आणि कोपऱ्यातले आजोबा सावकाश ताकभात कालवताहेत. पंगत उठणार ती आजोबांच्या गतीने. समजा, यंत्रे 100 आहेत आणि प्रत्येक यंत्र शंभरातून एकदाच रेंगाळते. किरकोळ वाटते ना? पण हिशेब केला तर शंभरांपैकी सुमारे 63 प्रश्नांना कुठल्या ना कुठल्या यंत्रापायी थांबावे लागते. यंत्रे वाढवावीत, तर आजोबाही वाढतात!

यावर एक उपाय आहे. ठरावीक वेळ थांबायचे, तोवर आलेल्या उत्तरांवर भागवायचे आणि मागे राहिलेल्यांना सोडून द्यायचे. दिवाळीची साडी शोधताना एखादे दुकान सुटले, तर काही बिघडत नाही. पण जिथे एकेका पत्राला मोल आहे तिथे काय?

समग्र गांधी वाङ्मयाची सुधारलेली आवृत्ती 1999 च्या सुमारास छापील खंडांत आणि सीडीवरही आली. तिच्यात जुन्या खंडांतल्या नोंदी गळाल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले आणि 2005 मध्ये सरकारने ती मागे घेतली. ही गळती संपादनातली होती, यंत्राची नव्हे. पण गळालेले पत्र त्या तबकडीत कितीही चपळाईने शोधले, तरी उत्तर ‘नाही’ असेच येणार; आणि मुळातच नसलेल्या पत्राचे ‘नाही’ त्याहून वेगळे दिसत नाही. ही गळती ओळखायला जुने छापील खंड शेजारी असावे लागतात.

म्हणून यंत्राने ‘आढळले नाही’ म्हटले की, ‘कुठे कुठे पाहिलेस?’ हे विचारायला मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. चांगला यजमान पंगत उठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने विचारतो ना, ‘कुणी राहिले का हो?’ तेवढी रीत यंत्राकडून पाळून घेणे आपल्याच हाती आहे.