अब्बांची स्कूटर

मुलामुलींनो, तुमच्या घरात बंद पडलेली एखादी वस्तू नक्की असेल. कोणाच्या माळ्यावर जुना रेडिओ असेल, कोणाच्या कपाटात न चालणारे घड्याळ असेल. अशी वस्तू असली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "टाकून द्या." दुसरा म्हणतो, "असू द्या." तिसरा पक्ष क्वचितच भेटतो. तो विचारतो, "हिला झाले आहे तरी काय?" आज मी तुम्हांला या तिसऱ्या प्रश्नाची गोष्ट सांगणार आहे.

दौंडला आमच्या अंगणात कडुनिंबाखाली एक स्कूटर उभी होती. माझे अब्बा रेल्वेत फिटर होते. दौंड हे मोठे जंक्शन आहे. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांना येथून रूळ जातात. त्यामुळे हातात पाना घेऊन कामावर जाणारी माणसे आमच्या गावात घरोघरी होती. अब्बांनी ही बजाज चेतक १९८८ साली घेतली. त्या काळी पैसे जवळ असले तरी स्कूटर लगेच मिळत नसे. आधी नाव नोंदवावे लागे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून स्कूटर दारात आली की घरात जणू ईद साजरी होई. माझा जन्म त्यानंतरचा. मी लहानपणी तिच्या पुढच्या भागात, हँडल धरून, अब्बांच्या दोन हातांच्या मध्ये उभी राहून गाव पाहिले.

२०१३ मध्ये अब्बांचे निधन झाले. तेव्हापासून ती स्कूटर जागची हलली नव्हती. तिच्या चाकांतली हवा गेली, आसन फाटले, रंगाचे पोपडे निघाले. शेजारच्या कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसत.

मे २०२४ मध्ये माझा भाऊ पुण्याहून आला. अम्मीचे गुडघे दुखतात. तिला जिना चढवत नाही. म्हणून अंगणात तिच्यासाठी एक खोली बांधायचे त्याने ठरवले. जागा मोकळी करणे भाग होते. भंगारवाल्याने स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि अडीच हजार रुपये सांगितले. भावाचे म्हणणे काही खोटे नव्हते. खोली अम्मीसाठीच होती. पण अम्मी पदराने डोळे न पुसता, अगदी शांतपणे म्हणाली, "ती चालत नाही म्हणून देऊ नका. ती चालणार नाही असे पक्के कळले, तर खुशाल द्या."

गवंडी १ जूनला येणार होता. मला शाळेची सुट्टी होती. हाताशी तीन आठवडे होते. मी स्टेशनकडच्या रस्त्यावर एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी अब्बांची स्कूटर पूर्वी अनेकदा पाहिली होती. ते म्हणाले, "बाई, माझी नजर आता अधू झाली आहे. मी खुर्चीवर बसून सांगेन. हात तुम्ही लावायचे. कबूल असेल तर येतो."

मी कबूल केले. आठवीत शिकणारा माझा भाचा सुट्टीसाठी आमच्याकडे आला होता. तोही मदतीला उभा राहिला.

काम सुरू करण्यापूर्वी या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. या स्कूटरचे मूळ इटली देशात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, पियाज्जो या कंपनीने तेथे ‘वेस्पा’ नावाची स्कूटर आणली. इटालियन भाषेत वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. ती घडवणारे कोराडिनो दास्कानियो हे विमानविद्येचे अभियंते होते. विमानाच्या चाकाप्रमाणे त्यांनी स्कूटरचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले ठेवले. इंजिन पत्र्याने झाकले, म्हणजे कपड्यांना तेल लागू नये. पुढे १९६० च्या सुमारास पियाज्जोच्या सहकार्याने बजाज कंपनी भारतात अशा स्कूटर बनवू लागली. पुण्याजवळ आकुर्डीला तिचा मोठा कारखाना होता. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये बजाजने ‘चेतक’ हे नाव आणले. चेतक हा राणा प्रताप यांचा घोडा. ही पेट्रोलवर चालणारी चेतक २००५-०६ च्या सुमारास बनेनाशी झाली. २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर विकली जाते.

आता आमच्या अंगणात परत येऊ. पहिल्या दिवशी भाच्याने स्कूटर धुतली आणि मोठ्या उत्साहाने किकवर पाय ठेवला. किक खाली जाईना. तो जोर लावणार तोच मिस्त्रीकाका ओरडले, "थांब रे! पिस्टन चिकटला आहे. अकरा वर्षे झोपलेल्याला कोणी लाथ मारून उठवते का?"

त्यांनी मला प्लग काढायला सांगितला. त्या भोकातून मी थोडे तेल आत सोडले. दोन दिवस आम्ही काहीच केले नाही. तिसऱ्या दिवशी इंजिनाचा पंखा हाताने हळूहळू मागेपुढे फिरवला. प्रथम तो केसभर हलला, मग बोटभर, आणि शेवटी पूर्ण फिरला. दोन दिवसांची वाट हेसुद्धा कामच होते, हे भाच्याला तेव्हा पटले.

मग मिस्त्रीकाकांनी त्याला वहीत तीन प्रश्न लिहायला लावले. पेट्रोल येते का? ठिणगी पडते का? हवा खेळते का? ते म्हणाले, "इंजिनाला या तीनच गोष्टी लागतात. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचे नाही. सगळे एकदम खोलणाऱ्याला दोष सापडत नाही, नवा दोष मात्र मिळतो."

पहिला प्रश्न पेट्रोलचा. टाकीत तळाशी गंज होता. ती काढून आम्ही स्वच्छ केली. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग. तो उघडला तर आत राळेसारखा चिकट थर होता. पेट्रोल उडून गेले की असा थर मागे राहतो. ज्या छिद्रातून पेट्रोल येते ते सुईच्या टोकाएवढे असते. ते त्या थराने बुजले होते. सगळे भाग धुऊन, फुंकून साफ केले. रबराची नळी काडीसारखी कडक झाली होती. मिस्त्रीकाकांनी नवी, चांगल्या प्रतीची नळी आणायला लावली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. हे इथेनॉल उसापासूनही बनते. आपल्या दौंड तालुक्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने आहेत. म्हणजे आपल्या शेतातला ऊसही आज गाड्यांच्या टाकीपर्यंत पोहोचतो.

या स्कूटरचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, एका लिटरला सुमारे २० मिलिलिटर. ते तेलच पिस्टनला वंगण देते. आम्ही ते मोजून घातले. पहिल्या प्रश्नापुढे भाच्याने बरोबरची खूण केली.

दुसरा प्रश्न ठिणगीचा. पेट्रोलचा डबा मिस्त्रीकाकांनी आधी दूर, भिंतीपलीकडे ठेवायला लावला. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी यांची गाठ इंजिनाच्या आतच पडावी, बाहेर नाही. तुम्हीही मोठ्या माणसाशिवाय असले काम कधी करू नका. प्लग इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी नव्हती. आतले दोन छोटे बिंदू, ज्यांना मिस्त्री ‘पॉइंट’ म्हणतात, काळे पडले होते. बारीक पॉलिश पेपरने मी ते घासले आणि त्यांतले अंतर पातळ पट्टीने मोजून ठेवले. नवा प्लग लावला. या वेळी किक मारताच निळी ठिणगी चमकली. दुसरीही खूण झाली.

सगळे जोडले. किक मारली. स्कूटर एकदा ‘फट्’ म्हणाली आणि गप्प झाली. दहा वेळा तसेच झाले. पूर्वी लोक करत तशी स्कूटर एका बाजूला कलती करूनही पाहिली. तोवर २९ मे उजाडला. भाऊ काही बोलला नाही, पण भंगारवाल्याला त्याने निरोप धाडला, हे मला समजले. अम्मी दाराशी पिढ्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनेही मान वर केली नाही.

मिस्त्रीकाकांनी विचारले, "वहीत तिसरा प्रश्न कोणता आहे?"

भाचा म्हणाला, "हवा खेळते का? पण काका, हवेची जाळी तर आपण साफ केली!"

"हवा आत जाते. मग बाहेर कुठून पडते?"

भाचा क्षणभर उभा राहिला. मग मागे जाऊन त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. मी किक मारली. "खाला, इथे काहीच लागत नाही!" तो ओरडला. आम्ही तार घालून पाहिली. आतून वाळलेल्या मातीचे तुकडे पडू लागले. कुंभारीण माशीने त्या नळीत आपले मातीचे घर बांधले होते! धूर बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून आत नवी हवा येत नव्हती आणि इंजिन गुदमरत होते. गांधीलमाशीच्या नावाने जन्मलेल्या घराण्यातली स्कूटर तिच्याच एका बहिणीने अडवून धरली होती.

नळी साफ झाली. मी पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला. तिसऱ्या किकेला स्कूटर सुरू झाली. अंगण निळ्या धुराने भरले. कोंबड्या पळाल्या. अम्मीच्या हातातले सूप तसेच राहिले. ती एवढेच म्हणाली, "हाच आवाज. संध्याकाळी सहा वाजता हाच आवाज यायचा आणि मी चहा टाकायची."

भाऊ पुढे आला. त्याने हँडल धरले आणि कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला येऊ नका म्हणून सांगितले.

भाचा लगेच म्हणाला, "एक चक्कर मारून आणू?" अम्मी म्हणाली, "नाही. तुझे नाना काय म्हणायचे? आधी कागद, मग रस्ता." दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आमची मुदत २०१३ मध्येच संपली होती. मी स्कूटर टेंपोत घालून बारामतीच्या परिवहन कार्यालयात नेली. वारसाची नोंद, विमा, धुराची तपासणी या सगळ्याला दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस लागले. आता अम्मीची खोली बांधून झाली आहे आणि तिच्या खिडकीशी स्कूटर उभी असते. रविवारी मी हेल्मेट घालून तिच्यावरून बाजारात जाते.

मित्रांनो, आता एका शब्दाविषयी सांगते. ‘दुरुस्त’ हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. दोघींनी तो फारसीतून घेतला. उर्दूत बरोबर उत्तराला आपण ‘दुरुस्त’ म्हणतो आणि चुकीच्या उत्तराला ‘नादुरुस्त’. मराठीत बिघडलेल्या यंत्राला ‘नादुरुस्त’ म्हणतात आणि ते सुधारले की ‘दुरुस्त’. तुमच्या वहीत मी लाल शाईने जे करते त्यालाही मराठीत ‘दुरुस्ती’च म्हणतात. अवजार, पेच, हवा, कारखाना हे शब्दही असेच दोन्ही घरांत नांदतात. म्हणून मराठीच्या गॅरेजमध्ये उर्दू बोलणारा माणूस कधीच अगदी परका नसतो.

वह्या तपासताना मला आता मिस्त्रीकाकांची आठवण येते. एखाद्याचे गणित चुकले, एखाद्याचे वाचन अडखळले, तर लोक चटकन म्हणतात, "याला येणार नाही." पण ‘येत नाही’ आणि ‘येणार नाही’ यांत फार अंतर आहे. अम्मीने तेच तर सांगितले होते. तुमचे काही अडले तर वही उघडा आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा. पेट्रोल असेल, ठिणगीही असेल. कुठेतरी चिमूटभर माती अडकली असेल, एवढेच.