शीर्षक आणि पत्ता

पुस्तकाचे परीक्षण लिहिताना आपण त्या पुस्तकाचे नाव मथळ्यात घालतो. त्यासाठी प्रकाशकाची परवानगी मागत नाही, आणि मथळा पाहून कुणी परीक्षणालाच पुस्तक समजत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही हक्क उभा आहे याची जाणीवही आपल्याला उरत नाही. आम्हांला ती जाणीव झाली एका वकिली नोटिशीमुळे.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघा अध्यापकांनी बी.ए.च्या विद्यार्थ्यांत भरपूर खपणाऱ्या मराठीच्या गाइडांतील चुका नोंदवण्याचे काम हाती घेतले होते. एका कवीची कविता दुसऱ्याच्या नावावर, कादंबरीतील पात्राच्या तोंडी भलत्याच नाटकातला संवाद, मूळ लेखकाच्या प्रस्तावनेतला उतारा जसाच्या तसा 'रसग्रहण' म्हणून छापलेला, असा सगळा प्रकार होता. पानवार यादी केली आणि ती आंतरजालावर ठेवली. संकेतस्थळाला नाव दिले ते त्या प्रकाशनाचेच. त्यांचे स्थळ डॉट कॉम होते, आम्ही डॉट ऑर्ग घेतले. पहिल्याच पानावर 'या स्थळाचा प्रकाशनाशी काहीही संबंध नाही' असे ठळक अक्षरांत लिहिले. चार महिन्यांनी नोटीस आली: व्यापारचिन्हाचा भंग, ग्राहकांची दिशाभूल, पंधरा दिवसांत नाव सोडावे. आम्ही नवव्या दिवशी सोडले. कायद्याचा विचार करून नव्हे, घाबरून.

मग वरातीमागून घोडे धाडावेत तसे आम्ही या विषयावरचे निकाल वाचू लागलो. ते बहुतेक अमेरिकेतले आहेत, कारण हे भांडण तिथे आधी आणि अधिक पेटले. वाचता वाचता असे वाटू लागले की हा वाद कायद्याचा असला तरी मूळ प्रश्न आपल्या वर्गातला आहे. एखाद्या मजकुराचा अर्थ ठरवायचा तो शीर्षक वाचून की मजकूर वाचून?

'पेटा' ही प्राणिहक्कांसाठी लढणारी संस्था. १९९५ साली एका गृहस्थाने पेटा डॉट ऑर्ग हे नाव नोंदवले आणि तिथे 'चविष्ट प्राणी खाणारी माणसे' अशा अर्थाची, त्याच आद्याक्षरांची एक संस्था थाटली. गंमत उघड होती. पण २००१ साली चौथ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने म्हटले की विडंबनाने 'मी मूळ आहे' आणि 'मी मूळ नाही' हे दोन्ही एकाच वेळी सांगावे लागते. इथे नाव पहिले तेवढे सांगते, दुसरे कळते ते आत शिरल्यावर. शिवाय त्या पानावर इतरत्र नेणारे तीसहून अधिक दुवे होते, त्यांत मांस आणि चामडे विकणारेही. 'तडजोड करायची तर काही देऊ करा' अशा अर्थाचे त्याचे बोलणेही त्याला भोवले. नाव गेले.

त्याच न्यायालयापुढे २००५ साली दुसरा खटला आला. जेरी फॉलवेल हे अमेरिकेतले गाजलेले धर्मोपदेशक. समलिंगी व्यक्तींविषयीचे त्यांचे उद्गार ऐकून चिडलेल्या ख्रिस्तोफर लँपरेलो याने १९९९ साली त्यांच्याच आडनावात एक 'एल' जादा घालून नाव नोंदवले. (देवनागरीत ही खोडी दाखवताच येत नाही, आपल्या लिपीत दोन्ही नावे एकच.) स्थळावर फॉलवेल यांच्या मतांचे खंडन होते, आपला त्यांच्याशी संबंध नाही असा खुलासा होता, आणि त्यांच्या खऱ्या स्थळाचा दुवाही होता. विक्री काही नव्हती. मधल्या काळात एका पुस्तकाच्या विक्रीपानाचा दुवा तेवढा होता, त्यातून लँपरेलोला दमडीही मिळाली नाही. रोजच्या भेटी सुमारे २००, तर फॉलवेल यांच्या स्थळाच्या ९,०००. तरीही २००१ आणि २००३ साली त्याला इशारेपत्रे गेली, आणि खालच्या न्यायालयात तो हरला.

अपिलात निकाल फिरला. ग्राहकाची फसगत होते की नाही हे ठरवताना नावाबरोबर आतला मजकूरही पाहिला पाहिजे, असे न्यायालय म्हणाले, आणि आत गेलेल्या कुणालाही हे फॉलवेल यांचे स्थळ वाटणार नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला. (फॉलवेल यांना हा अनुभव नवा नव्हता, 'हसलर' मासिकाने केलेल्या विडंबनाविरुद्धचा त्यांचा दावाही १९८८ साली सर्वोच्च न्यायालयात फसला होता.) आपण मत बदलले असे न्यायालयाने अर्थातच म्हटले नाही. पेटाच्या निकालातले ते विधान विडंबनाच्या बचावापुरते होते, आणि तिथे व्यापारी दुवे होते, असा भेद त्याने केला. आम्हांला मात्र दोन्ही निकाल शेजारी ठेवल्यावर दिसतात ते दोन वाचक: एक मुखपृष्ठापाशी थांबलेला, दुसरा पान उलटणारा.

२००५ सालीच नवव्या परिमंडळात, केशरोपणाने असमाधानी असलेल्या एका रुग्णाने बॉस्ली मेडिकल या संस्थेच्याच नावाने उघडलेल्या टीकेच्या स्थळाबाबत असाच कौल मिळाला. काही विकत नसाल तर तो व्यापारचिन्हाचा भंग नव्हे. पण सायबरस्क्वॉटिंगचा मुद्दा पुन्हा खाली पाठवला गेला, हेही सांगितले पाहिजे.

भारतात डोमेन नावाचा नसला तरी याच गोत्रातला खटला २०११ चा आहे. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, असे सांगणारा एक संगणकीय खेळ ग्रीनपीसने काढला; त्यात टाटांचे बोधचिन्ह वापरले होते. टाटांनी १० कोटींची भरपाई मागितली. दिल्ली उच्च न्यायालयात न्या. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली. टीकेचा, अगदी हल्ल्याचाही, विषय म्हणून चिन्ह वापरले तर तेवढ्याने भंग होतोच असे नाही, ही त्यातली भूमिका आमच्या नोटिशीला उत्तर म्हणून देता आली असती.

पण सगळी वाद-यंत्रणा न्यायालयांत नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांची बहुतेक भांडणे १९९९ साली आयकॅनने मान्य केलेल्या धोरणाखाली, साक्षीपुराव्यांच्या सुनावणीशिवाय, कागदोपत्रीच मिटतात. तिथले वातावरण टीकाकाराला कमी अनुकूल आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २०१७ साली काढलेल्या आढाव्यानुसार टीकेचा हक्क असला तरी चिन्हाशी तंतोतंत जुळणारे नाव घेण्यापर्यंत तो पोचतोच असे नाही. पुढे निंदावाचक शब्द जोडलेले नाव असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे शिवी दिली तर चालेल, नुसते नाव घेतले तर नाही! २०१५ साली डॉट सक्स हे प्रत्यय-नाव खुले झाले तेव्हा चिन्हधारकांना ते आधी राखून ठेवण्यासाठी २,४९९ डॉलर मागण्यात आले. निंदेचा पत्ताही आधी निंद्य पक्षालाच विकायला काढला गेला.

इतके वाचूनही आमचा पक्ष निर्भेळ आहे असे आम्हांला म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण आमच्याच टपालात आहे. नोटीस येण्याच्या महिनाभर आधी एका विद्यार्थिनीचे पत्र आले होते. तिसऱ्या वर्षाच्या पेपरचे गाइड गावात मिळत नाही, टपालाने मागवल्यास किती पैसे पाठवावे लागतील, असे तिने विचारले होते. ठळक अक्षरांतला खुलासा तिने वाचला नव्हता, किंवा वाचून तो तिला लागू वाटला नव्हता. प्रकाशनाच्या वकिलांना असा कागद मिळता तर त्यांना फार कष्ट पडले नसते. लँपरेलोच्या न्यायालयाने कल्पिलेला वाचक पान उलटतो. आमच्याकडे आलेली ही वाचक गाइड शोधत होती, आणि तिला आमच्या टीकेची खरी गरज होती तीही तिलाच.

चुकांची यादी आम्ही नंतर लांबलचक, निरुपद्रवी नावाखाली हलवली. तिथे फारसे कुणी येत नाही. गाइडाच्या पुढच्या आवृत्तीत काही चुका दुरुस्त झाल्या, बाकीच्या तशाच राहिल्या. आम्ही सोडलेले नाव प्रकाशनाने काही काळ सांभाळले आणि मग नूतनीकरण केले नाही. मध्यंतरी सहज पाहिले तर ते पुन्हा मोकळे होते. एकाचे म्हणणे पडले की आता घेऊ या, निकाल आपल्या बाजूचे आहेत. दुसऱ्याने नको म्हटले. तिसऱ्याने एवढेच विचारले की त्या मुलीच्या पत्राला आपण उत्तर दिले होते का.

दिले नव्हते.