संख्येचा स्वभाव

दिवाळीच्या सुट्टीत माहूरला आलेल्या नातवाने वहीत १२३४५६५४३२१ ही संख्या लिहून माझ्यासमोर धरली. आयुष्य बँकेत गेलेले; सवयीने मी ती रकमेसारखी वाचली : बाराशे चौतीस कोटी, छप्पन्न लाख, चौपन्न हजार, तीनशे एकवीस. तो म्हणाला, “आजोबा, किती ते नको, कशी आहे ते सांगा.”

त्या प्रश्नाने एक जुनी संध्याकाळ आठवली. नोकरीच्या आरंभी, एका शाखेत, दिवसअखेर रोकड २७,००० रुपयांनी कमी भरली. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. मला रोखपालाचा संशय आला आणि मी तो बोलूनही दाखविला. वृद्ध हेडक्लार्कने मात्र शांतपणे त्या फरकाला नऊने भागले. बाकी शून्य. “आधी उलटलेले आकडे शोधा,” ते म्हणाले. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. तासाभरात चूक सापडली : १४,२०० चा भरणा रोकडवहीत ४१,२०० असा चढला होता. अक्षर माझे होते.

म्हणून नातवाला मी संख्येचा स्वभाव दाखविला. ती विषम आहे. डावीकडून वा उजवीकडून वाचली तरी तीच राहते. १११११११ नव्हे, सहा एकांच्या ११११११ चा ती वर्ग आहे. ३, ७, ११, १३ आणि ३७ हे तिचे मूळ अवयव, प्रत्येक दोनदा. त्यामुळे तिला निःशेष भागणाऱ्या संख्या २४३ होतात. आपल्या आगमपरंपरेत संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद आहेत. एवढी मोठी दिसूनही ही बिचारी संख्यातच.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ म्हटले. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. नातवाने बेरीज केली : ३६. विषम संख्येला ३६ ने भाग कसा जाणार? ही हर्षद नाही, म्हणून तो थोडा खट्टू झाला.

मग मी त्याला अकराशे वर्षांहून अधिक मागे नेले. लत्तलूर, म्हणजे आपले लातूर मानले जाते, त्या नगरीचे स्वामी म्हणवून घेणाऱ्या राष्ट्रकूटांच्या कुळात अमोघवर्ष राजा झाला. त्याच्या काळी जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात गुणाकाराचे उदाहरण आहे : २७९९४६८१ गुणिले ४४१. नातवाने पाटीवर गुणाकार मांडला आणि उत्तर पाहून ओरडला, “अहो आजोबा, ही तर माझीच संख्या!”

त्या रोखपालांची मी दुसऱ्याच दिवशी क्षमा मागितली होती. त्यांनी ती केलीही. पण त्या संध्याकाळचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. नातवाला हेही सांगितले. दुकानाच्या हिशेबात फरक आला, तर मुनीमजींकडे पाहण्याआधी त्या फरकाला एकदा नऊने भागून पाहावे. भाग गेला, तर आपलेही अक्षर तपासावे.