देवनारच्या गच्चीवरून

मुलांनो, देवनारला उंच गच्चीवर गेलात, की ट्रॉम्बेची टेकडी दिसेल. न दिसणाऱ्या रेडिओलहरीही तुमच्या आजूबाजूला असतातच! १४५ मेगाहर्ट्झची लहर म्हणजे सेकंदाला साडेचौदा कोटी कंपनं. अशा लहरी बहुतेक सरळच जातात. टेकडी आड आली, की आवाज क्षीण होतो. पण सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचं अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना मध्ये टेकडी कुठली? परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हौशी रेडिओवाले, म्हणजे 'हॅम', तिथल्या अंतराळवीरांशीही बोलतात.

हा नुसता खेळ नाही हं! १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी मदतीला धावली. टेलिफोन बंद पडले, तरी बॅटरीवरचा रेडिओ बोलतो. मग, शिकाल ना?