आधी कॅमेरा, मग कॉम्प्युटर

कॉम्प्युटर शिकवण्याचा आपल्याकडे एक ठरलेला क्रम आहे. आधी माउस, मग की-बोर्ड, मग फोल्डर, मग पत्र टाइप करणं. एमएस-सीआयटी २००२ साली सुरू झालं आणि गावोगावच्या क्लासेसमध्ये हाच क्रम रुळला. मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. नोकरीच्या अर्जाला सर्टिफिकेट जोडायचं असलेल्या पोरांसाठी तो क्रम बरोबरच आहे. पण साठी ओलांडलेल्या माणसाला त्या वाटेने न्यायला गेलं, तर दोन-तीन दिवसांत त्याची खुर्ची रिकामी होते. त्याला नोकरी करायची नसते, पत्र टाइप करायचं नसतं. सोनगीरला आम्ही ज्येष्ठांचे वर्ग घेतो तेव्हा पहिला धडा कॅमेऱ्याचा असतो, आणि तोही त्यांच्या खिशातल्या फोनच्याच कॅमेऱ्याचा. कॉम्प्युटर नंतर येतो.

यामागे माझा हिशेब साधा आहे. फोटो काढायला अक्षरओळख लागत नाही. चुकलं तर काही बिघडत नाही, पुसून दुसरा काढता येतो. आणि नीट बघायचं कसं, हे या माणसांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं.

सोनगीर धुळ्याच्या उत्तरेला, वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर. वर टेकडीवर जुना किल्ला, खाली गाव, आणि गावाचं नाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. आमच्या एका बॅचला भांड्यांच्या कामात हयात घालवलेले एक आप्पा होते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे हंड्याचा फोटो मागितला होता. आप्पांनी भर दुपारी हंडा अंगणात ठेवला, फोटो काढला आणि फोन माझ्यापुढे धरला. “मॅडम, हाई काय व्हयनं?” हंड्याच्या पोटावर पांढरा चट्टा, कडांना काळोख, आणि मधोमध फोन धरून उभे असलेले खुद्द आप्पा!

चकचकीत धातूचा फोटो म्हणजे बराचसा त्यात पडलेल्या प्रतिबिंबाचाच फोटो. त्यामुळे भांड्यापेक्षा भांड्याच्या आजूबाजूला काय आहे, ते आधी बघावं लागतं. आम्ही हंडा दाराच्या आत घेतला, ऊन थेट पडणार नाही पण उजेड येईल असा. समोर एक पांढरं धोतर ताणून धरलं. स्क्रीनवर हंड्याचा सगळ्यात उजळ भाग होता तिथे बोट टेकवलं, सूर्याची बारीक खूण आली, ती खाली ओढली. चट्टा गेला आणि हातोडीच्या मठाराचा एकेक ठोका वेगळा दिसू लागला. पितळेचा पिवळेपणा मात्र फिका आला होता. फोनला वाटतं, उजेडच पिवळा आहे, म्हणून तो आपल्या मनाने रंग निळ्याकडे सरकवतो. हंड्याखाली कोरं पांढरं कापड घातलं की बहुतेक वेळा त्याला अंदाज येतो.

पुढच्याच फोटोला आप्पा मला सांगू लागले, धोतर जरा डावीकडे घ्या. यात नवल नाही. मठारलेलं भांडं एकसारखं उतरलंय का, हे कारागीर ते उजेडाकडे फिरवूनच तपासतो. पृष्ठभागावर उजेड कुठे मोडतो, हे त्यांच्या डोळ्यांना जन्मभर ठाऊक होतं. मी दाखवली ती फक्त सूर्याची खूण. म्हाताऱ्या माणसांना ‘काहीच येत नाही’ असं धरून जो शिकवायला उभा राहतो, त्याने या वयाच्या माणसांना शिकवूच नये, इतकं माझं याबाबतीत स्पष्ट मत आहे.

फोटो ही आता हौसेपुरती गोष्ट राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये गट नंबर, पीक आणि क्षेत्र भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात. या नोंदीवर सातबाऱ्यावरचा पीकपेरा ठरतो आणि पुढे विमा, भरपाई, सरकारी खरेदी अशी किती कामं त्यावर अडतात, हे आमच्याकडे कपाशी-मक्याच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आता सातबारा बहुतेक घरांत कोणाच्या नावावर असतो? घरातल्या थोरल्या माणसाच्या. मुलगा सुरतेला किंवा नाशिकला, आणि शेत आई-वडिलांच्या हाती. वर्गातल्या मावशींना आम्ही शेतातच नेतो. झाडाखाली उभं राहू नका, फोनला मोकळं आभाळ लागतं. लोकेशन चालू आहे का बघा. ऊन पाठीवर घ्या. नुसतं एक बोंड जवळून धरू नका, पिकाच्या ओळी दिसू द्या. एवढं जमलं की शेजारच्या बांधावरच्या बाया हाका मारतात आणि मावशी त्यांच्या पिकाचेही फोटो काढून देतात.

आणि इथेच मला एक गोष्ट फार खटकते. ग्रामीण भागासाठी देशातली सगळ्यात मोठी डिजिटल साक्षरता योजना म्हणजे फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर झालेलं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. सहा कोटी कुटुंबांतून प्रत्येकी एक माणूस, वीस तासांचं शिक्षण. वयाची अट १४ ते ६०. म्हणजे जिच्या नावावर शेत, जिच्या अंगठ्यावर पेन्शन, तिच्यासाठी दार बंद. घरातला एक शिकला की तो बाकीच्यांचं करून देईल, असा त्यामागचा विचार असेल. करून देतो, खरं आहे. पण तो गाडी पकडून निघून गेला की आजी फोन छातीशी धरून वाट बघत बसते. पुढची योजना जेव्हा केव्हा येईल, तेव्हा साठीची वरची मर्यादा काढली पाहिजे. साठीनंतरही शिकणं जमतंच. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी, योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा उघडली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन आज्या पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या आणि सगळ्या जगाने त्यांचं कौतुक केलं. पाटीवर जे जमलं ते काचेवरही जमतं.

अडचणी आहेत, पण त्या डोक्याच्या कमी आणि शरीराच्या जास्त आहेत. फोनची काच बोटातून अगदी बारीक वीज ओळखते. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाची तिला धड चाहूलच लागत नाही. म्हणून माणूस जोरात दाबतो, जास्त वेळ दाबून धरतो, आणि भलतंच काहीतरी उघडतं. बोट जरा ओलसर करून टेकवायचं आणि लगेच उचलायचं, हा आमचा दुसरा धडा. ज्यांचा हात कापतो त्यांच्या फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन दाबून धरण्याची वेळ वाढवून देतो. अक्षरं मोठी करून देतो. शिकवणाऱ्याला एकच सक्त ताकीद: समोरच्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. घेतला की काम झटकन होतं आणि शिकणं तिथंच थांबतं.

डोळ्यांचं तर निराळंच प्रकरण. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेल्या एका मावशींना स्वतःच काढलेला फोटो कधी निळसर तर कधी पिवळा वाटायचा. एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं, तेव्हा दोन डोळ्यांना दोन रंग दिसत होते. फोटोत खोट काहीच नव्हती.

‘डिजिटल’ म्हणजे काय, हेही आम्ही सांगतो. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्या फोटोत आडवे शंभर, उभे शंभर ठिपके होते. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच: ठिपके जितके जास्त, तितकं चित्र बारीक. हे सांगितलं की बायकांच्या रांगेतून पटापट उत्तरं येतात, फोटो मोठा केल्यावर फाटका का दिसतो तेही त्याच सांगतात.

कॉम्प्युटरची पाळी येते ती फोन भरल्यावर. सकाळच्या शुभेच्छांची फुलं फोनमध्ये साठत जातात आणि एक दिवस फोटो निघेनासा होतो. मग केबल लावून फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे, नको ते पुसायचे, फोल्डरला नाव द्यायचं. आता माउस कशासाठी, हा प्रश्नच उरत नाही. हात बसायला आम्ही पत्त्यांचा खेळ देतो. १९९० च्या विंडोज ३.० बरोबर आलेल्या सॉलिटेअरने जगभरच्या लोकांना माउसने धरून ओढणं शिकवलं, तो आजही तितकाच कामाचा आहे. डबल क्लिकचा वेग तेवढा सेटिंगमधून कमी करून ठेवायचा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुन्या कागदांवर. घरातले लग्नाचे फोटो, खरेदीखतं, मोडीतले कागद, आजोबांची हिशेबाची वही. १९२७ साली धुळ्यात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुने कागद जपले, म्हणून खानदेशाला आपला इतिहास वाचता येतो. घराघरांतला कागद मात्र वाळवीच्या तोंडी आहे. कागद सपाट ठेवायचा, फोन बरोबर वरून धरायचा, सावली पडू द्यायची नाही, फ्लॅश बंद. आणि मग त्या फोटोत कोण कोण आहे ते बोलून नोंदवायचं. बोललेलं मराठी टाइप करणारं तंत्र २०१७ पासून हाताशी आहे. आमच्या अहिराणीशी मात्र ते अडखळतं. त्यामुळे बरेच जण सरळ आवाजच रेकॉर्ड करून ठेवतात, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. कोणाची मावशी कुठल्या गावी दिली होती, हे कुठल्याच कागदावर नसतं.

आता नोव्हेंबर, म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. जीवन प्रमाण ही सोय १० नोव्हेंबर २०१४ ला आली, पण तेव्हा बोटाचे ठसे लागत, आणि हातोडा-विळा चालवलेल्या बोटांवर ठसे राहतात कुठे? नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येऊ लागली आणि काम घरच्या फोनवर आलं. तरी लोकांना ते जमत नाही, कारण खिडकी पाठीमागे येते आणि चेहरा काळा पडतो, किंवा फोन मांडीवर धरलेला असतो आणि वर्तुळात हनुवटीच तेवढी येते. यंदा आमच्या जुन्या बॅचचे पेन्शनर दुपारी पाळीपाळीने बसून इतरांना मदत करणार आहेत. खुर्ची उजेडाकडे तोंड करून, मागे कोरी भिंत, चष्मा काढलेला, फोन डोळ्यांच्या रेषेत, सांगितलं की पापणी मिटायची. आधार नंबर ज्याचा त्याने टाकायचा आणि ओटीपी शेजारच्यालाही सांगायचा नाही. पैसे गेल्यासारखं वाटलं तर १९३० हा नंबर लगेच लावायचा. तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. एसटीतून निवृत्त झालेल्यांसारखे ईपीएस-९५ चे पेन्शनर वर्षभरात कधीही दाखला देऊ शकतात, तेव्हा मागच्या दाखल्याचं वर्ष त्याआधी संपत नसेल, तर त्यांनी गर्दी ओसरल्यावर, डिसेंबरात आलं तरी चालेल.