चौकातली निमिष आणि गोळ्यांची पट्टी



लखनौच्या पोस्टिंगमध्ये रविवारी सुट्टी मिळाली की आमची मराठी टोळी छावणीतून थेट चौकात. हिवाळ्यात गोल दरवाजापाशी सकाळी निमिष मिळते. दूध रात्रभर उघड्या आभाळाखाली ठेवायचं, पहाटे घुसळून वर येणारा फेस काढायचा, त्यात साखर आणि केशर. तोंडात घातली की नाहीशी होते. पुढे निहारी-कुलचा आणि टुंडेचे कबाब, तेही 1905 पासूनचं दुकान. वजन कमी करायला निघालेल्या माणसाने पाऊल ठेवू नये अशीच ही जागा.

त्या डिसेंबरात आमचे एक सुभेदारसाहेब नेमके वजन कमी करायला निघाले होते. साताऱ्याकडचे, दोन वर्षांपासून शुगर. वार्षिक मेडिकल महिन्यावर आलेलं, वजन सात किलो जास्त, कॅटेगरी जाण्याची धास्ती. मेहुण्याने व्हॉट्सॲपवर दोन वेळा जेवायचा तक्ता धाडला होता. साहेबांनी नाश्ता बंद केला. सकाळची गोळी मात्र चालूच. शिस्तीचा माणूस, गोळी कशी चुकवेल?

आम्ही दोने हातात घेऊन उभे, साहेब बाजूला बिनसाखरेचा चहा घेऊन. धुकं असं की समोरचा रिक्षावाला दिसेना, आणि साहेबांच्या कपाळावर घाम. हात थरथरत होता.

"साहेब, बरं वाटत नाही का?"

"काय नाय रं, थंडी बाधलीय."

थंडीने घाम येत नाही. शेजारच्या दुकानातून ग्लासभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला. डॉक्टरांनी नंतर पट्टी पाहिली तर ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, ती आपलं काम करते.

आपल्याकडे 2018 च्या सुमारास लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन पक्ष पडले होते, आठवतं? डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवण, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत. आणि ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, दर दोन तासांनी. कोण बरोबर, हा वाद मी घालणार नाही. माझं म्हणणं एवढंच की दोघांपैकी कोणीही आमच्या साहेबांची गोळ्यांची पट्टी पाहिलेली नव्हती. मेहुण्याने तर नाहीच नाही.

ती पाहिली आहारतज्ज्ञ मॅडमनी. काय खाऊ नये हे सांगण्याआधी त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. गोळी किती वाजता, लंगर किती वाजता, नाइट ड्यूटी कधी, पीटीला खरंच जाता की सही करून येता? (साहेब इथे जरा खोकले.) मग त्यांनी डॉक्टरांशी बोलून आधी गोळीचा डोस कमी करून घेतला आणि नंतर ताट बदललं. भाकरी ठेवली, भात अर्ध्यावर आणला, डाळ वाढवली. चौक बंद केला नाही. महिन्यातून एकदा दोन कबाब, सोबत कांदा आणि साधी रोटी, शीरमाल नाही. त्या मेडिकलपर्यंत तीनच किलो उतरले. कॅटेगरी गेली. साहेब चिडले, पण ताट सोडलं नाही, आणि पुढच्या रीव्ह्यूला कॅटेगरी सुधारली.

निवृत्त मंडळींसाठी दोन गोष्टी. आपलं रेशन कष्टाच्या हिशेबाचं असतं. पेन्शन आली की कष्ट सुटतात, भूक तीच राहते. आणि आहारतज्ज्ञ ही पाटी कोणीही लावतो, तेव्हा आहारशास्त्राची पदवी विचारा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी आहे का तेही विचारा. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना सांगा की आहारतज्ज्ञांकडे पाठवा. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, शेवटचा एचबीएवनसीचा रिपोर्ट आणि तीन दिवसांत जे खरंच खाल्लं त्याची यादी न्या. बँकेत किंवा सोसायटीत रात्रपाळीला गार्ड असाल तर रात्री दोनचा चहा आणि बिस्किटाचा पुडाही त्यात लिहा.