आयक्यू किती आला?

चाचणी संपली की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, किती आला?” घटक चाचणीचे गुण विचारावेत तसा. अनुभवी मानसशास्त्रज्ञ आधी दुसरंच सांगायला लागते. ठोकळ्यांची नक्षी मुलाने झटपट जुळवली, पण ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणताना तो अडखळला. तोंडी विचारलेलं गणित त्याला येतं, तेच कागदावर वाचून सोडवायचं म्हटलं की हात थांबतो. आईवडील मान डोलावतात. “हो, पण आयक्यू?”

आल्फ्रेड बिने यांना हा प्रश्न आवडला नसता. १९०५ साली पॅरिसमध्ये त्यांनी तेओदोर सिमों यांच्यासह चाचणी तयार केली, ती नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळं कसं शिकवावं हे ठरवता यावं म्हणून. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे त्यांना मान्य नव्हतं.

ही चाचणी मराठी मुलांपर्यंत आली धारवाडमार्गे. १९३०च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची फेररचना केली. पुढे १९६९मध्ये नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेक्सलर यांची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. अभिमान वाटावा असंच हे काम. अडचण एवढीच, की दोन्ही चाचण्या आजही वापरल्या जातात, आणि मानकं जुनी झाली की आकडा फुगतो. जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात हे अनेक देशांतल्या आकडेवारीवरून दाखवलं होतं.

एरवी चार गुण इकडेतिकडे झाल्याने फारसं बिघडलं नसतं. पण या आकड्यावर सर्टिफिकेट अवलंबून असतं. महाराष्ट्रात १९९६पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता २१ प्रकारांच्या यादीत घेतली. त्यानंतर २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पायरी घालून दिली: आयक्यू ८५च्या वर असेल, तरच वाचन-लेखनाच्या पुढच्या चाचण्या. दुसऱ्या टोकाला, ७०च्या खाली आणि रोजच्या व्यवहारातही मागे असलेलं मूल बौद्धिक अक्षमतेत मोडतं. मधल्या मुलांचं काय? शिकायला त्यांना वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण त्या २१ प्रकारांत ती कुठेच नाहीत. ८४ आकडा आलेल्या मुलीच्या बापाला हे समजावून सांगणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

लक्ष न लागण्याच्या तक्रारीत तर आकड्याचा उपयोग आणखी कमी. शांत खोलीत, समोर एकच माणूस, दर दोन मिनिटांनी नवा खेळ: वर्गात खुर्चीवर न टिकणारा मुलगा तिथे छान बसतो. “इथे बघा कसा शहाण्यासारखा वागतोय!” म्हणून आई चिडते. म्हणून तर शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्यावी लागते, घरचं वागणं खोदून विचारावं लागतं. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे असतात. फळा धूसर दिसणारं मूलही चुळबुळ करतं.

मराठीत शिकणाऱ्या मुलाचं वाचन मराठीतच तपासायला हवं, हे उघड आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही तयार केला, तो २०१५मध्ये. कामतांनंतर ऐंशी वर्षांनी म्हणायचा!

रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर शिफारशी असतात: पुढच्या बाकावर बसवा, फळ्यावरून उतरवायला लावण्याऐवजी छापील कागद द्या, उत्तर तोंडी विचारून बघा. यातल्या कशालाही सर्टिफिकेट लागत नाही. शाळेत मात्र सर्टिफिकेटचीच झेरॉक्स जमा होते, तीही बहुधा दहावीच्या तोंडावर.